परागकण जिवंत आहे का? रुजवून पाहण्याची आणि तपासण्याची सविस्तर रीत

रंग बघून परागकण जिवंत ठरवायचे, ही चूक मी एक अख्खा हंगाम केली. स्लाइडवर असिटोकार्मिन या लाल रंगद्रव्याचा थेंब, त्यात कण, वरून कव्हरस्लिप. लाल आणि टपोरे दिसले ते जिवंत, फिके आणि सुरकुतलेले ते मेलेले. वहीत रोज नव्वदीच्या पुढचा आकडा. पुढे त्याच फुलांचे कण साखरेच्या थेंबात टाकले, तर एकालाही नळी फुटेना. शंका आली म्हणून कणांची एक पुडी ओव्हनमध्ये ८० अंश सेल्सिअसला दोन तास भाजली आणि त्यांनाही तोच रंग दिला. भाजलेले कण ताज्यांइतकेच लालबुंद. त्या संध्याकाळी वहीतल्या पंधरा पानांवर आडवी रेघ मारली.

असिटोकार्मिनची त्यात काही चूक नव्हती. कणाच्या आत पेशीद्रव्य आणि केंद्रक आहे, एवढंच ते सांगतं. ते चालू आहे का, हे मी त्याला विचारलंच नव्हतं. पुढची सगळी रीत याच गोष्टीभोवती फिरते: प्रत्येक चाचणी एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देते, आणि शेजारी मुद्दाम मारलेले कण ठेवल्याशिवाय ते उत्तर खरं की खोटं हे कळत नाही.

आधी कणाबद्दल थोडं

परागकण म्हणजे पुंबीज नव्हे. ते दोन किंवा तीन पेशींचं एक स्वतंत्र, छोटंसं रोप आहे. कुक्षीवर पडलं की ते पाणी शोषतं, कवचातल्या एखाद्या छिद्रातून नळी बाहेर काढतं आणि पुंपेशी बीजांडापर्यंत पोहोचवतं. ही नळी पहिल्यांदा १८२४ साली इटलीच्या जिओव्हानी बात्तिस्ता आमिची यांना दिसली. ते घोळीच्या कुक्षीवरच्या केसांमध्ये पेशीद्रव्य कसं वाहतं ते बघत होते आणि शेजारच्या परागकणातून नळी बाहेर येताना दिसली.

कामाच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक दोन आणि तीन पेशींचा. सुमारे ७० टक्के सपुष्प वनस्पतींचे कण परागकोशातून बाहेर पडतात तेव्हा दोन पेशींचे असतात. पुंपेशी नळीत गेल्यावर तयार होतात. लिली, तंबाखू, पेटुनिया, वाटाणा, टोमॅटो हे सगळे यात येतात. ते सहसा जास्त टिकतात आणि साध्या माध्यमात, म्हणजे साखर-क्षारांच्या द्रावणात, रुजतात. गवतं, मोहरीचं कुळ आणि सूर्यफुलाचं कुळ यांचे कण आधीच तीन पेशींचे असतात. त्यांचा श्वसनाचा वेग जास्त, आयुष्य कमी आणि काचेवर रुजवणं अवघड. गव्हाचा किंवा भाताचा कण फुलातून बाहेर पडल्यावर काही मिनिटांतच निकामी व्हायला लागतो. तेव्हा पहिल्याच दिवशी गहू घेऊन बसू नका.

कोणत्या फुलापासून सुरुवात करावी

हात बसेपर्यंत तेरडा, सदाफुली, ट्रॅडेस्कॅन्शिया किंवा वाटाणा घ्या. तेरड्याचे कण इतके घाईचे असतात की थेंबात टाकून स्लाइड मायक्रोस्कोपखाली नेईपर्यंत काहींना नळी फुटलेली असते. सदाफुलीला तासाभराचा वेळ द्यावा लागतो, पण तिची नळी सरळ आणि लांब वाढते, त्यामुळे मोजायला सोपी. तिचे परागकोश बाहेरून दिसत नाहीत. पाकळ्यांची नळी सुईने उभी फाडली की वरच्या टोकाशी दडलेले सापडतात.

जास्वंद आणि भोपळा मोहात पाडतात. कण मोठे, नुसत्या डोळ्यांनीही दिसतील असे. पण साध्या माध्यमात ते फटाफट फुटतात आणि नवशिक्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. ते नंतरसाठी ठेवा.

कण गोळा करताना

निम्म्या चुका इथे होतात आणि माध्यमावर खापर फुटतं. फूल उमलायच्या दिवशी, परागकोश नुकते तडकत असताना किंवा तडकायच्या बेतात असताना घ्या. कालच्या फुलाचे कण दिसायला तसेच दिसतात, पण मधल्या काळात किती ऊन, किती दव आणि किती कीटक त्यांच्यावरून गेले याचा हिशेब राहत नाही.

न तडकलेले परागकोश चिमट्याने काढून गुळगुळीत कागदावर सावलीत पसरून ठेवा. खोली कोरडी असेल तर काही तासांत ते उघडतात. हवा दमट असेल तर सिलिका जेल ठेवलेल्या बंद डब्यात ठेवा. उन्हात वाळवायचे नाहीत. ओली फुलं पिशवीत बंद करून फ्रीजमध्येही टाकायची नाहीत, कारण आत पाणी सुटतं आणि कण तिथेच अर्धवट भिजून वाया जातात.

वांग्याचे परागकोश उभे फाटत नाहीत, त्यांच्या टोकाला भोक असतं. टोमॅटोचे आतल्या बाजूने फाटतात आणि कण परागकोशांच्या जुळलेल्या शंकूच्या टोकातून बाहेर पडतात. तिथे चिमटा मारून उपयोग नाही. फूल कागदावर उलटं धरा आणि दांड्याला इलेक्ट्रिक टूथब्रशचा मागचा भाग किंवा वाजवलेला ट्यूनिंग फोर्क टेकवा. भुंगा फुलाला धरून गुणगुणतो तेव्हा नेमकं हेच करत असतो. पिठासारखे कण कागदावर झरतात.

कमीत कमी पाच-सहा झाडांवरची फुलं घ्या आणि प्रत्येकाचे कण वेगळ्या पुडीत ठेवा. एकत्र केले तर झाडाझाडांतला फरक कायमचा हरवतो. पुडीवर वेळ लिहा, नुसती तारीख पुरत नाही. आणि प्रत्येक पुडीतले थोडे कण मारण्यासाठी बाजूला काढा.

माध्यम

काचेवर कण रुजवायला लागतात चार गोष्टी: साखर, बोरॉन, कॅल्शियम आणि पाणी. बाकीचं पूरक.

साखर म्हणजे सुक्रोज. ती अन्न म्हणून लागतेच, पण तिचं मोठं काम आहे पाण्याला आवर घालण्याचं. नुसत्या पाण्यात कण भराभर फुगतो आणि फुटतो. साखर जास्त झाली तर त्याला पाणीच मिळत नाही. बोरॉन नळीच्या भिंतीतली पेक्टिनं एकमेकांना बांधून ठेवतं. कुक्षीत ते असतंच, काचेवर आपल्याला द्यावं लागतं. कॅल्शियमचं काम नळीच्या टोकाशी: तिथे त्याचं प्रमाण जास्त असतं आणि त्या चढ-उतारावरच टोकाची वाढ चालते.

१९६३ साली ब्रूबेकर आणि क्वॅक यांनी एक जुनं कोडं सोडवलं. थेंबात थोडे कण टाकले तर रुजत नाहीत, गर्दी केली तर रुजतात, असं का? गर्दीतले कण जो पदार्थ एकमेकांना पुरवत होते तो कॅल्शियम निघाला. त्यांनी तेव्हा वापरलेलं माध्यम आजही बहुतेक प्रयोगशाळांमध्ये पहिलं करून बघतात. लिटरमागे प्रमाण असं:

सुक्रोज १०० ग्रॅम
बोरिक आम्ल १०० मिलिग्रॅम
कॅल्शियम नायट्रेट ३०० मिलिग्रॅम
मॅग्नेशियम सल्फेट २०० मिलिग्रॅम
पोटॅशियम नायट्रेट १०० मिलिग्रॅम

हे प्रमाण पाण्याचे रेणू धरून ठेवणाऱ्या नेहमीच्या स्फटिकांचं आहे: कॅल्शियम नायट्रेटचे चार रेणू पाणीवाले, मॅग्नेशियम सल्फेटचे सात. बाटलीवर काय लिहिलंय ते बघून घ्या. कॅल्शियम नायट्रेट हवेतलं पाणी ओढतं. बरणीत लगदा झाला असेल तर वजन खोटं येतं, नवी बरणी उघडा.

रोज एवढी बारीक वजनं करत बसण्यापेक्षा साखर सोडून बाकी क्षारांचं दहापट तीव्र द्रावण करून ठेवा. १०० मिलीसाठी बोरिक आम्ल १००, कॅल्शियम नायट्रेट ३००, मॅग्नेशियम सल्फेट २०० आणि पोटॅशियम नायट्रेट १०० मिलिग्रॅम. प्रत्येक क्षार वेगळ्या थोड्या पाण्यात विरघळवून मग एकत्र करा. शंभरपट करायचा मोह आवरा. तितक्या तीव्रतेला कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र येऊन तळाशी पांढरा गाळ बसतो आणि तुमचं कॅल्शियम त्यात जातं. हे द्रावण फ्रीजमध्ये काही आठवडे राहतं. साखर मात्र ज्या दिवशी लागेल त्याच दिवशी घाला, नाहीतर बाटलीत बुरशी धरते.

वापरायच्या दिवशी १० ग्रॅम सुक्रोज आणि १० मिली तीव्र द्रावण घ्या, ऊर्ध्वपातित पाणी घालत एकूण १०० मिली करा. १०० मिली पाण्यात १० ग्रॅम साखर टाकणं वेगळं, त्यात आकारमान वाढतं. सामू ६.५ ते ७ च्या आसपास आणा. कमी असेल तर सौम्य पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब पुरतात. या माध्यमात सामू धरून ठेवणारं काही नाही, म्हणून वापरायच्या आधी पुन्हा एकदा बघा.

घट्ट माध्यम हवं असेल तर १ टक्का अगार (द्रावण जेलीसारखं घट्ट करणारी पूड) घाला. उकळताना पाणी उडतं आणि १० टक्क्यांची साखर नकळत १२ टक्के होते. फ्लास्कचं वजन आधी करून ठेवायचं आणि उकळल्यावर जेवढं घटलं तेवढं गरम पाणी परत घालायचं, एवढा साधा उपाय आहे. अगारमध्ये स्वतःचं थोडं कॅल्शियम असतं. कॅल्शियमवरच प्रयोग असेल तर अगारोज घ्या.

योग्य साखर शोधणं

दुसऱ्याने लिहिलेलं प्रमाण तुमच्या झाडाला लागू पडेलच असं नाही. ५, १०, १५, २० आणि २५ टक्के साखरेची पाच माध्यमं करा, बाकी सगळं तेच. एकाच पुडीतले कण पाचही थेंबांत टाका आणि तासाभराने बघा. कण फुटलेले दिसले तर साखर कमी पडतेय. गोल, शांत, जसेच्या तसे बसलेले दिसले तर बहुधा जास्त झालीय. मधे कुठेतरी नळ्या सरळ आणि एकसारख्या जाडीच्या दिसतील. तिथून दोन-दोन टक्क्यांनी मागे-पुढे करून बघा. ही एक दुपार जाते, पण पुढचा महिना वाचतो.

कणांना आधी दमट हवा

ही पायरी बरेच जण गाळतात. कोरड्या कणाच्या पेशीपटलातली मेदद्रव्यं गोठल्यासारखी, विस्कळीत असतात. असा कण एकदम पाण्यात पडला की पटल सावरायच्या आतच पाणी घुसतं आणि आतला माल बाहेर गळतो. कण मेलेला नव्हता, आपण त्याला बुडवून मारलं.

उपाय सोपा. मोठ्या पेट्री डिशमध्ये ओला फिल्टर पेपर घाला, त्यावर काचेच्या दोन कांड्या, कांड्यांवर कण पसरलेली कोरडी स्लाइड. झाकण लावून खोलीच्या तापमानाला अर्धा तास ठेवा. कणांना पाणी लागता कामा नये, फक्त दमट हवा. साठवलेल्या किंवा सिलिकावर वाळवलेल्या कणांना हे हवंच, तासभरही चालतो. आत्ताच तडकलेल्या ताज्या कणांना फारसा फरक पडत नाही. गवतांच्या बाबतीत हा वेळ परवडत नाही, तिथे कण सरळ माध्यमावर.

थेंब

कामाला बसा तेव्हा सगळं हाताशी हवं, कारण एकदा कण थेंबात गेले की घड्याळ सुरू होतं. मी लटकता थेंब वापरते. पद्धत अशी:

१. खळगा असलेल्या स्लाइडच्या खळग्याभोवती व्हॅसलीनचं बारीक कडं काढा.

२. स्वच्छ कव्हरस्लिपच्या मधोमध माध्यमाचा छोटा थेंब ठेवा. थेंब पसरत असेल तर काचेवर साबण राहिलाय. काच पुन्हा धुवा, ऊर्ध्वपातित पाण्याने शेवटचं खळबळा. साबणाचा अंशही कणांना भोवतो.

३. सुईचं टोक पुडीतल्या कणांना नुसतं टेकवा आणि थेंबाच्या पृष्ठभागावर झटका. चिमूटभर टाकायचे नाहीत. थेंब पिवळा दिसला तर कण फार झाले आणि नळ्यांचा गुंता मोजता येणार नाही.

४. कव्हरस्लिप एका हालचालीत उलटी करून खळग्यावर बसवा. थेंब आत लटकायला हवा, तळाला टेकायला नको.

५. स्लाइड ओल्या फिल्टर पेपरच्या पेट्री डिशमध्ये, २५ अंशांच्या आसपास, अंधारात ठेवा.

खळग्याच्या स्लाइड नसतील तर साध्या स्लाइडवर थेंब ठेवून तशीच दमट डिशमध्ये ठेवली तरी चालते. कव्हरस्लिप मोजायच्या वेळीच घाला. वातानुकूलित खोलीत झाकण उघडं राहिलं तर वीस मिनिटांत थेंब आटतो, साखर दुप्पट होते आणि सगळं थांबतं. पुष्कळ झाडं एकाच दिवशी तपासायची असतील तर अगारचा पातळ थर सोयीचा. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको, खालून प्रकाश यायला हवा. कण मऊ ब्रशने वरून झटकायचे.

कण तेलकट असतील तर ते गोळे करून थेंबावर तरंगतात. पापणीचा केस काडीला चिकटवून त्याने हलकेच वेगळे करा. हेक्झेनने तेल धुऊन काढता येतं. ऐकायला भयंकर वाटेल, पण कोरड्या कणांना हेक्झेन मारत नाही. पाण्यात मिसळणारे अल्कोहोलसारखे द्रावक मारतात. ज्योत दूर ठेवा आणि हे काम फ्यूम हूडखालीच (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटातच) करा.

पहिल्यांदा करताना मोजायची घाई करू नका, नुसतं बघत बसा. मायक्रोस्कोपच्या कंडेन्सरचा (खालून प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाचा) पडदा जरा बंद करा म्हणजे कडा उठून दिसतात. कण आधी लांबटाचा गोल होतो. मग एका छिद्रापाशी स्वच्छ काचेसारखा फुगवटा येतो. तो वाढून नळी होते आणि ४० च्या भिंगाखाली आतली दाणेदार गर्दी वाहताना दिसते: कडेकडेने टोकाकडे, मधून परत मागे. अगदी टोकाला मात्र एक नितळ टोपी असते, तिथे दाणे शिरत नाहीत. ही टोपी दिसतेय तोवर नळी वाढतेय. ती गेली, दाणे टोकापर्यंत आले, की वाढ थांबली.

कधी आणि कसं मोजायचं

वेळ अंदाजाने ठरवू नका. पहिल्या दिवशी अर्ध्या, एक, दोन आणि चार तासांनी मोजा. ज्या वेळेनंतर रुजलेल्यांची टक्केवारी वाढत नाही ती तुमची वेळ. तेरड्याला मिनिटं पुरतात, पेटुनिया-तंबाखूला दोन ते चार तास, काही फळझाडांना रात्रभर. वेळ झाली की थेंबात असिटोकार्मिन किंवा ७० टक्के अल्कोहोलचा थेंब टाकून वाढ थांबवा. नाहीतर पहिली स्लाइड दोन तासांवर आणि विसावी चार तासांवर मोजली जाते.

रुजला कुणाला म्हणायचं? नळीची लांबी कणाच्या व्यासाइतकी किंवा जास्त झाली तर रुजला. काही जण दुप्पट धरतात. कोणतंही धरा, पण वहीत लिहा आणि मधेच बदलू नका. नुसता फुगवटा रुजलेल्यात धरायचा नाही.

इथे एक फसवणूक नेहमी होते. कण फुटला की आतला माल दोरीसारखा बाहेर पडतो आणि घाईत तो नळीसारखा दिसतो. नीट पाहिलं तर त्याला भिंत नसते, कडा दातेरी असते, टोक गोल नसतं आणि कण रिकामा झालेला असतो. खऱ्या नळीच्या दोन्ही कडा समांतर, तुळतुळीत. फुटलेल्या कणांसाठी वहीत वेगळा रकाना करा. तो रकाना भरत चालला तर माध्यमाकडे वळा.

कण कुठले मोजायचे तेही डोळ्यांवर सोडू नका. डोळा सुंदर नळ्यांकडे पळतो. स्लाइडच्या एका कडेपासून सरळ रेषेत सरका आणि ठरावीक अंतरावर जे दृश्य येईल ते पूर्ण मोजा. शक्य असेल तर पुड्यांवरची नावं दुसऱ्या कुणाला तरी क्रमांकांनी झाकायला सांगा.

किती मोजायचे? समजा ४१२ कणांपैकी २३७ रुजले. टक्केवारी ५७.५. नुसत्या मोजणीच्या योगायोगानेच ती साधारण ५ टक्के वर-खाली होऊ शकते. १०० कण मोजले असते तर हीच चूक जवळजवळ १० टक्के झाली असती. म्हणजे शंभर-शंभर कण मोजून दोन झाडांतला सहा टक्क्यांचा फरक सांगणं हा निव्वळ भास. आणि एकाच फुलाचे हजार कण मोजले तरी ते एकच फूल राहतं. फुलं आणि झाडं वाढवा, मग कण.

नळीची लांबी मोजायची तर स्टेज मायक्रोमीटरवरून (बारीक मोजपट्टी कोरलेल्या स्लाइडवरून) ऑक्युलरमधल्या, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगातल्या, पट्टीचा एक भाग किती मायक्रोमीटरचा ते आधी ठरवून घ्या, प्रत्येक भिंगासाठी वेगळं. किंवा फोटो काढून इमेजजे या मोफत प्रोग्रॅमवर मोजा. लांबी मोजायचा कंटाळा येतो हे खरं, पण ती मोजावी. म्हातारे होत जाणारे कण आधी जोम गमावतात: टक्केवारी तीच राहते, पण रुजायला उशीर होतो आणि नळ्या आखूड राहतात.

शून्य आलं तर

शून्य म्हणजे कण मेले, असं लगेच लिहू नका. माध्यम पसंत न पडल्यानेही शून्य येतं. आधी त्याच माध्यमात सदाफुली किंवा तेरड्याचे ताजे कण टाका. तेही रुजले नाहीत तर चूक बाटलीत आहे: पाणी, साबण, विसरलेलं बोरिक आम्ल, सामू. ते रुजले तर प्रश्न तुमच्या झाडाचा. तेव्हा दमट हवेचा वेळ बदला, साखर बदला, तापमान तीन-चार अंशांनी वर-खाली करा.

तीन पेशींच्या कणांसाठी वेगळी वाट. मक्याला १५ टक्के सुक्रोज, ०.०३ टक्के कॅल्शियम नायट्रेट आणि ०.०१ टक्के बोरिक आम्ल असलेला अगार चालतो, कण मात्र आत्ता झडलेले हवेत. मोहरीच्या कुळाला जरा अल्कधर्मी माध्यम मानवतं, सामू ७.५ च्या वर. साखरेच्या जोडीला पॉलिएथिलीन ग्लायकॉल घातलं की फुटणं बरंच कमी होतं. सूर्यफुलाच्या कुळासाठी मी काचेवर वेळ घालवत नाही, थेट रंगाच्या चाचणीकडे जाते.

रंगाच्या चाचण्या, त्यांच्या जागी

असिटोकार्मिन, कॉटन ब्लू आणि अलेक्झांडरचा रंग हे कण भरलेला आहे की पोकळ, एवढं दाखवतात. १९६९ साली आलेल्या अलेक्झांडरच्या रंगात मॅलाकाइट ग्रीन भिंत हिरवी करतं आणि आम्ल फुक्सिन आतलं द्रव्य किरमिजी; पोकळ कण नुसता हिरवा दिसतो. संकरित झाडांचं वंध्यत्व तपासायला हे उत्तम. साठवणीत कण जगले का, हे विचारायला निरुपयोगी.

एन्झाइम चालू आहेत का, हे टेट्राझोलियम सांगतं. माध्यमाइतक्याच साखरेच्या पाण्यात १ टक्का ट्रायफेनिल टेट्राझोलियम क्लोराइड करा, गडद बाटलीत ठेवा. थेंबात कण, लगेच कव्हरस्लिप, दमट डिशमध्ये अंधारात तासभर. श्वसन चालू असेल तर कण लाल होतो. हवेतला ऑक्सिजन या क्रियेत आड येतो, म्हणून कव्हरस्लिपच्या कडेचे कण मोजायचे नाहीत, मधले मोजायचे. मारलेले कण शेजारी ठेवाच. तेही गुलाबी झाले तर चाचणी रद्द. पिवळ्या-केशरी रंगाच्या मूळच्या कणांत हा लाल ओळखणं कठीण जातं.

माझा भरवसा सर्वांत जास्त फ्लुओरेसीन डायअसिटेटवर. १९७० साली हेस्लॉप-हॅरिसन दांपत्याने ही चाचणी परागकणांवर आणली. रंग नसलेला हा रेणू पेशीपटलातून सहज आत जातो. आतलं एस्टरेज एन्झाइम त्याचे तुकडे करतं आणि चमकणारं फ्लुओरेसीन मोकळं होतं. ते पटलातून सहजासहजी बाहेर पडू शकत नाही, म्हणून पटल शाबूत असेल तर कण आतून उजळतो. एका चाचणीत दोन गोष्टी कळतात.

ॲसिटोनमध्ये मिलीला २ मिलिग्रॅम असं द्रावण करून अंधारात, फ्रीजरमध्ये ठेवा. वापरताना दोन मिली साखरेच्या पाण्यात ते थेंबथेंब टाका आणि पाणी जेमतेम दुधाळ झालं की थांबा. हे अर्ध्या तासात संपवायचं. कण टाकून दमट डिशमध्ये दहा मिनिटं, मग निळ्या प्रकाशाखाली फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप. लख्ख हिरवे ते जिवंत, मिणमिणते ते नाही. सीमेवरचे कण कुठे टाकायचे ते मारलेल्या नमुन्याकडे बघून ठरवा. सगळी पार्श्वभूमीच हिरवी दिसली तर कण गळताहेत. दमट हवेची पायरी चुकली असणार.

हातमोजे घाला. मॅलाकाइट ग्रीन आणि टेट्राझोलियम दोन्ही अंगावर किंवा पोटात जाऊ द्यायच्या वस्तू नाहीत, आणि माध्यमाच्या बाटलीत साखर आहे म्हणून ती खाण्याच्या फ्रीजमध्ये ठेवायची नाही.

यापुढची खरी परीक्षा फुलावरच. परागकोश काढून झाकलेल्या फुलाच्या कुक्षीवर कण ठेवा, काही तासांनी कुक्षी आणि कुक्षीवृंत अल्कोहोल-ॲसिटिक आम्लाच्या ३:१ मिश्रणात टाका, सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करा, धुवा आणि रंग उडवलेल्या ॲनिलिन ब्लूमध्ये ठेवून अतिनील प्रकाशात बघा. नळ्यांच्या भिंतीतला कॅलोज हा पदार्थ चमकतो आणि कोणती नळी कुठवर पोहोचली ते रेघेसारखं दिसतं.

साठवलेले कण तपासताना

दोन पेशींचे कण सिलिकावर वाळवून बंद कुपीत उणे २० अंशांवर महिनोन्‌महिने राहतात. द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, वर्षानुवर्षं. पाणी जास्त राहिलं तर बर्फ होऊन कण फाटतो, म्हणून वाळवणं आधी. एका मोठ्या कुपीऐवजी चिमूट-चिमूट कणांच्या बऱ्याच कुप्या करा, प्रत्येक तपासणीला एक. परत गोठवलेले कण पुढच्या खेपेला काय सांगतील याचा भरवसा नसतो. आणि फ्रीजरमधून काढलेली कुपी लगेच उघडायची नाही. बाहेरच्या काचेवर दव धरतं, ते पुसा, पुन्हा धरतं, पुन्हा पुसा. काच हाताला खोलीइतकी लागली आणि कोरडी राहिली की मग झाकण फिरवा.